चातुर्मासात उभी राहिलेली गाडी

आषाढात चातुर्मास बसला की मुनी आणि आर्यिका एका ठिकाणी स्थिरावतात. पावसाळ्यात वाटेवर, गवतात, चिखलात असंख्य सूक्ष्म जीव उपजतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली येतात, म्हणून हा नियम. गृहस्थाला तो तसाच लागू नाही. तरीही पेठ वडगाव, कुंभोज, हातकणंगले या टापूतील काही श्रावक घरांत या दिवसांपुरते देशव्रत घेऊन गावाची शीव न ओलांडण्याचा, निदान विनाकारण प्रवास न करण्याचा नियम केला जातो. नियम पाळतो माणूस आणि त्याचे परिणाम भोगते दारातील मोटार. जुन्या वाड्याच्या सोप्यात, शेतावरच्या शेडात, भुईमुगाच्या किंवा सोयाबीनच्या पोत्यांशेजारी ती आठवडेच्या आठवडे उभी राहते. दिवाळीत महावीर निर्वाणाचा लाडू चढवून झाल्यावर घरची मंडळी कुंभोजच्या बाहुबलीच्या दर्शनाला निघतात, चावी फिरवली जाते आणि बॉनेटखालून ‘टक’ एवढाच आवाज येतो.

यानंतर जे घडते ते बहुतेक घरांत सारखेच असते. चावी पुन्हा फिरवली जाते, मग पुन्हा, अधिक जोराने. मागच्या सीटवरून कोणी तरी ‘कालपर्यंत चांगली होती’ म्हणतो. वस्तुतः ती काल चालवलेलीच नसते. सूर्यास्तापूर्वी परत येऊन जेवणे आटोपायची असल्याने घाई असते आणि घाईचे रूपांतर क्रोधात होण्यास दोन मिनिटे पुरतात. सलग सेल्फ मारत राहण्याने उरलीसुरली बॅटरी संपते आणि स्टार्टरची मोटर तापून जळण्याचा संभव असतो. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, हा साधा नियम आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्याच वेळी आलेला आवाज नीट ऐकावा. गाडीच्या दुखण्याची निम्मी हकिकत त्या आवाजात असते आणि मेस्त्रीला फोन केल्यावर तोही प्रथम तेच विचारतो.

मूळ प्रश्न एकच: इंजिन फिरते आहे की नाही? सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीसारखे घुरघुरत फिरते पण पेट घेत नाही, ही एक गोष्ट. ते फिरतच नाही, ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारात दोष इंधन, ठिणगी किंवा संगणकीय कुलूप यांत शोधावा. दुसऱ्या प्रकारात बॅटरी, तिच्या जोडण्या आणि स्टार्टर यांत. हा भेद न करता कोणी पेट्रोल तपासतो, कोणी प्लग काढतो आणि दुपार होते.

त्याआधी ज्या गोष्टींना पैसा लागत नाही त्या पाहून घ्याव्यात. चावीच फिरत नसेल तर बहुधा स्टिअरिंगला कुलूप बसलेले असते. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवावी. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा ‘पी’ किंवा ‘एन’वर नसेल तर सेल्फ लागतच नाही. अनेक नव्या गाड्यांत क्लच, आणि बटणाच्या गाड्यांत ब्रेक, पूर्ण दाबावा लागतो. बटणाच्या गाडीत चावीतला नाण्याएवढा सेल संपला असेल तर बहुतेक गाड्यांत चावीच बटणाला टेकवून बटण दाबल्यास गाडी तिला ओळखते. वडिलांची गाडी प्रथमच चालवणाऱ्या मुलाला किंवा सुनेला यातील एखादी गोष्ट ठाऊक नसते एवढेच. त्यासाठी गॅरेज लागत नाही.

इंजिन फिरत नसेल तर दिवे पाहावेत. डॅशबोर्ड संपूर्ण काळा असेल तर बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. दिवे मंद होऊन ‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरीत दिव्यापुरता जीव आहे, इंजिन ओढण्यापुरता नाही. दिवे लखलखीत असून एकच जड ‘टक’ येत असेल तर स्टार्टर किंवा त्याची जोडणी संशयित. लहान गाडीचा स्टार्टर क्षणभरासाठी शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह ओढतो. डिझेल गाडीचा त्याहूनही अधिक. हेडलाइट लागतो म्हणून बॅटरी ठीक आहे, हा समज म्हणूनच फसवा आहे.

उभी गाडीही वीज खाते. घड्याळ, चोरघंटा, रिमोटची हाक ऐकण्यासाठी जागा असलेला भाग, संगणकाची स्मृती या सर्वांना मिळून साधारण ३० मिलिअँपिअर लागतात असे धरले तरी महिन्याला सुमारे २२ अँपिअर-तास होतात. लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका महिन्यातच निम्म्याहून अधिक भांडार रिकामे होते. चार महिन्यांनी ‘टक’ एवढाच आवाज आला तर त्यात आश्चर्य काही नाही. उतरलेल्या स्थितीत बॅटरी पडून राहिली की आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तो नंतर पूर्णपणे निघत नाही.

जैन दर्शनात कार्याचा विचार उपादान आणि निमित्त अशा दोन कारणांनी करतात. वस्तूची स्वतःची योग्यता ते उपादान. बाहेरून घडणारे साहाय्य किंवा अडथळा ते निमित्त. बंद गाडीपुढे उभे असताना हा भेद विलक्षण उपयोगी पडतो. आतील दिवा रात्रभर राहिला, गाडी दोन महिने हलली नाही, टर्मिनल सैल झाले, ही निमित्ते. ती दूर करून बॅटरी चार्ज केली की काम झाले. पण पट्ट्याच झिजल्या असतील, बॅटरीला चार-पाच वर्षे झाली असतील, तर उपादानच सरले. आज शेजाऱ्याच्या गाडीवरून सुरू केली तरी उद्या सकाळी ती पुन्हा गप्प राहणार. पाच-सातशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या साध्या मल्टिमीटरने हे बरेचसे कळते. काही तास स्थिर राहिलेल्या पूर्ण चार्ज बॅटरीचे माप १२.६ व्होल्टच्या आसपास येते, १२.२ला ती निम्मी उरलेली असते आणि १२च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना माप साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे. गाडी सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५च्या दरम्यान दिसले पाहिजे. न दिसल्यास बॅटरी निर्दोष असून तिला भरणारा अल्टरनेटर आजारी आहे. नवी बॅटरी घेऊन आठवड्यात पुन्हा तीच रड सुरू होते ती बहुधा या शेवटच्या तपासणीला फाटा दिल्यामुळे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर वीज अडते. टर्मिनल काढताना आधी वजा, मग अधिक. बसवताना आधी अधिक, मग वजा. गरम पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने ती भुकटी धुवावी आणि कोरडे करून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. गरम पाण्याची जैन घरात वाण नसते. पण याच ठिकाणी एक चूक हमखास होते. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत पाणी कमी झालेले दिसले की घरातले गाळून उकळलेले पाणी शुद्ध म्हणून आत ओतले जाते. पिण्यासाठी ते शुद्ध आहे. बॅटरीची शुद्धतेची कल्पना मात्र निराळी आहे. गाळण्याने आणि उकळण्याने पाण्यातील क्षार जात नाहीत, आणि विहिरीचे किंवा बोअरचे क्षार पट्ट्यांना मारक ठरतात. त्यासाठी ‘बॅटरीचे पाणी’ म्हणून बाटलीत मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. आतील द्रव हे सल्फ्युरिक आम्ल आहे आणि बॅटरीतून हायड्रोजन वायूही सुटतो, तेव्हा डोळे जपावेत आणि जवळ काडी ओढू नये.

दुसऱ्या गाडीवरून जंपर केबलने सुरू करताना क्रम चुकवू नये. लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला; काळी वायर चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती वायूजवळ उडू नये म्हणून ही काळजी. दिवाळीनंतर या भागात ऊस वाहतूक सुरू होते आणि दारावरून जाणारा पहिला ट्रक थांबवण्याचा मोह होतो. मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची असते. तिच्यावरून १२ व्होल्टची मोटार सुरू करू पाहणे म्हणजे गाडीचा संगणक जाळणे. बहुतेक ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, तरी विचारून खात्री करावी. धक्का स्टार्टचा मार्ग फक्त हाती गिअर असलेल्या गाडीला: चावी चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर, गाडीला वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड लागतात, म्हणून उतारावर हा प्रयोग करू नये. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर आजच्या गाड्यांत त्याचा उपयोगही होत नाही, कारण पेट्रोलचा पंप आणि संगणक दोघांनाही वीज लागते.

इंजिन फिरते पण पेटत नाही, या प्रकाराला जुन्या पिढीने चांगले ओळखले होते. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे ‘पद्मिनी’ या नावाने घरोघरी ठाऊक झालेली १०८९ सीसीची मोटार त्याच कारखान्याची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होती. पद्मिनीच्या मालकाला चोक केव्हा ओढायचा हे कळत असे. वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा वास सुटला की प्लग भिजले हे ओळखून तो दहा मिनिटे स्वस्थ बसे. पावसाळी सकाळी डिस्ट्रिब्युटरचे टोपण उघडून कोरड्या फडक्याने पुसले की गाडी सुरू होते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. आज हे सारे संगणकाने आपल्या हाती घेतले आहे आणि मालक निश्चिंत, पण काहीसा अडाणीही झाला आहे.

तरी काही गोष्टी त्यालाही पाहता येतात. चावी चालू केल्यावर पेट्रोल गाडीच्या मागील भागातून एक-दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो इंधनपंप. तो मुका असेल तर त्याचा फ्यूज तपासावा. डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत राहिले तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी वापरून पाहावी. डिझेल गाडीत वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबूनच सेल्फ मारावा, आणि टाकी पूर्ण कोरडी झाली असेल तर नुसते डिझेल ओतून भागत नाही, नळीतील हवा काढावी लागते. सीएनजीच्या बहुतेक गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि नंतर गॅसवर जातात; गॅस स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणाऱ्याची गाडी गॅस काठोकाठ असूनही सुरू होत नाही. वारणा-पंचगंगेच्या खोऱ्यातील साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा शब्द येथे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आता पेट्रोलमध्ये ते वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. तळाशी चार लिटर पेट्रोल ठेवून गाडी सारा पावसाळा उभी करण्यापेक्षा टाकी बरीचशी भरलेली ठेवणे चांगले.

हे सर्व ठीक असूनही गाडी पेटत नसेल तर बॉनेट उघडून वायरींकडे लक्षपूर्वक पाहावे. पोत्यांशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत पुष्कळदा उत्तर तेथेच सापडते: कुरतडलेली वायर, शेंगांची टरफले, चिंध्यांचे घरटे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. गाडीशी त्याचे वैर नसते. बॉनेटखाली अंधार, ऊब आणि मांजरापासून आडोसा मिळतो, शेजारी धान्य असते. पावसाळ्यात याहून चांगली जागा त्याला कोठे मिळणार? पण एक बारीक वायर तुटली तरी संपूर्ण हारनेस बदलण्याची वेळ येऊ शकते आणि तो खर्च हजारोंच्या घरात जातो. असे बिल हाती आले की दयाधर्म मानणाऱ्या घरातही बाजारातून विषाची पुडी किंवा चिकट पुठ्ठा आणण्याची भाषा सुरू होते.

शास्त्राने गृहस्थाची हिंसा चार प्रकारांत मांडली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. स्वयंपाक, शेती, व्यापार यांत टाळता न येणारी हिंसा गृहस्थाच्या पदरी येते, त्याचप्रमाणे आक्रमणापासून रक्षण करताना होणारीही. संकल्पपूर्वक केलेल्या हिंसेचा त्याग मात्र अणुव्रती श्रावकाकडून अपेक्षित आहे. ‘उंदराने आमचे नुकसान केले, म्हणून ही विरोधी हिंसा’ असा युक्तिवाद ऐकू येतो. तो टिकत नाही. दुसरा मार्ग शिल्लक असताना विष ठेवणे हा संकल्पच आहे, आणि येथे मार्ग एक नव्हे, अनेक शिल्लक आहेत. चिकट पुठ्ठ्यावर अडकलेला जीव तासन्‌तास धडपडत, स्वतःची कातडी सोलत मरतो; ही वस्तू श्रावकाच्या घरात असूच नये. विष खाल्लेला उंदीर एसीच्या नळीत जाऊन मेला तर त्याचा वास महिनाभर गाडीत राहतो, आणि तो बाहेर पडून घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर ते विष पुढच्या जीवालाही बाधते. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा सौदा तोट्याचाच आहे.

गाडीजवळून धान्याची पोती, पेंड आणि कडबा हलवावा. हा एक उपाय बाकी सर्वांपेक्षा मोठा आहे आणि नेमका तोच केला जात नाही, कारण पोती हलवणे कष्टाचे असते. शेड बंदिस्त असेल तर रात्री बॉनेट उघडे ठेवावे. अंधार आणि आडोसा गेला की उंदराला ती जागा आवडत नाही. हवा आत घेण्याच्या तोंडावर मेस्त्रीकडून बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी; मात्र हवा अडेल अशी घट्ट नको. दोन-तीन दिवसांनी गाडी हातभर जरी पुढे-मागे केली तरी घरटे बांधायला सवड मिळत नाही. तंबाखूची पाने किंवा डांबरगोळ्या टांगण्याची पद्धत आहे. उग्र वासाचा परिणाम थोडे दिवसच राहतो, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. उंदीर आत आलाच असेल तर जिवंत पकडण्याचा पिंजरा लावावा, तो पहाटे पाहावा, दिवसभर विसरू नये, आणि प्राण्याला गावाबाहेर झाडोऱ्यात सोडावे. घरटे सापडल्यास त्यात पिले आहेत का ते पाहून मगच हात लावावा. सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारण्याची सवयही लावून घेण्यासारखी आहे. थंडीच्या दिवसांत मांजराची पिले उबेसाठी इंजिनाजवळ जाऊन झोपतात आणि पंख्याचा पट्टा फिरू लागला की त्यांना पळायला वेळ मिळत नाही. हिंसेचे मूळ प्रमादात आहे असे तत्त्वार्थसूत्र सांगते. दोन थापांना दोन सेकंद लागतात.

एका प्रसंगी गाडी सुरू करण्याचा प्रयत्नसुद्धा करायचा नसतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कोल्हापूरची वाट बंद झाली. पाणी ओसरल्यावर कित्येकांना पहिली इच्छा होते ती दारातली बुडालेली गाडी सुरू होते का ते पाहण्याची. पाणी सिलिंडरमध्ये शिरले असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो आणि हजारांत निभावणारी दुरुस्ती इंजिन बदलण्यावर जाते. चाकांच्या निम्म्याहून वर पाणी आलेल्या गाडीची चावीसुद्धा चालू करू नये. बॅटरीचे वजा टोक काढावे आणि गाडी उचलून गॅरेजला न्यावी.

पुढच्या चातुर्मासासाठी ज्यांना गाडी उभीच ठेवायची आहे त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. नियमाला बाधा येत नसेल तर आठवड्यातून एकदा शिवेच्या आत का होईना, वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवावी. शेडात उभ्याउभ्या पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने सेल्फला गेलेली वीजही नीट भरून येत नाही, शिवाय बंद जागेत धुराचा विषारी वायू साठतो. चालवायची नसेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून तिचे वजा टोक काढून ठेवावे आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा घरच्या घरी चार्जर लावावा. टायरची हवा थोडी जास्त भरावी. सपाट जागेवर हँडब्रेक न ओढता चाकाला दगड लावावा, नाहीतर ओलीने ब्रेक चिकटतात आणि दिवाळीत गाडी सुरू होऊनही जागची हलत नाही. वजा टोक काढल्यावर घड्याळ आणि रेडिओ विसरतात, ते चालते. पण चारही दारांचे विजेचे कुलूपही काम करत नाही, म्हणून बॉनेट लावण्यापूर्वी चावी खिशात आहे याची खात्री करून घ्यावी.